आधी गाडी, मग रिमोट

“आमिहान गाडीकडे रांगत निघाली, म्हणून तुझा रिमोट बंद करून टाकला,” आई अंगणातून म्हणाली. माझ्या हातातली पान्सित नूडल्सची बशी खाली पडली. बतांगासमध्ये रिमोटवरच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नवख्याला मी पहिला धडा देतो: आधी गाडी बंद, मग रिमोट; नाहीतर सिग्नल तुटलेली गाडी कधीही आपोआप सुटू शकते. घरी मात्र कधी बोललो नव्हतो. सकाळीच गाडीत दुप्पट ताकदीची मोटर आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा नवा रिसीव्हर बसवला होता. सिग्नल तुटल्यावर थांबायचं, हे त्याला शिकवायचं राहिलं होतं. धावलो, पण हाक मारली नाही; दचकून माझी लेक आमिहान गाडीवरच पडली असती. तिची बोटं चाकापासून वीतभरावर असताना चाक थरथरलं. मी गाडी छातीशी उचलली आणि चारही चाकं किंचाळत सुटली. शर्ट फाटला, कातडी सोलली. बॅटरीची वायर उपटली तेव्हा कुठे थांबली. आई पांढरीफटक पडली होती. “अरे, बंद केल्यावर सुरू कशी झाली?”