बाविसाव्या नंबरचा दिवा

भर दुपारी लाईट गेली आणि इंगवले सरांच्या टेबलावरचे चाळीस छोटे दिवे एकदम बंद पडले. त्यातला बाविसावा तानाबाईचा.

दोन वर्षांपूर्वी सरांनी स्वतः खपून प्रत्येक जागेखाली दारावरच्या घंटीचं बटण बसवलं होतं. सर प्रश्नाची चार उत्तरं वाचत. बरोबर वाटेल त्या उत्तराला मुलं बटण दाबत आणि टेबलावर ज्याचा-त्याचा दिवा लागे. तोंड उघडायचं कामच नव्हतं.

तानाबाईला वाटे, ही सोय देवानं सरांच्या हातून आपल्यासाठीच केली. बावड्याच्या उसात या बांधावरून त्या बांधाला हाका मारून घडलेला तिचा गळा. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात, दुसऱ्या एका तासाला, ती उत्तर द्यायला उठली. तर वर्गातल्या मीनाक्षीनं कानांवर हात ठेवले. "अगं बाई, कारखान्याचा भोंगा झाला वाटतं!" वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून मनात जोतिबाचं नाव घ्यायचं आणि गुपचूप बटण दाबायचं, एवढंच.

"लोखंडी पट्टीला भोक आहे," सर म्हणाले. "पट्टी तापवली. भोक मोठं होईल की लहान? आज तोंडानंच सांगा."

"लहान, सर," मीनाक्षी म्हणाली.

"जोरात."

"लहान होईल, सर."

"अजून जरा जोरात, बाळ."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे. हात मात्र विझलेल्या दिव्यांवरून फिरत होता.

ते हसणं तानाबाईच्या ओळखीचं होतं. जोतिबाचं नाव घ्यायचंही राहिलं. ती ताडकन उठली आणि शेतात वडिलांना हाक मारावी तशी कडाडली,

"भोक मोठं हुतंय, सर! बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव तापवूनच बसवत्यात की! गार झाली की मग आवळती!"

खिडकीतली कबुतरं फडफडत उडाली. मीनाक्षीचे हात कानांकडे निघाले.

सर बाकांमधून चालत तिच्यापुढं येऊन थांबले. त्यांचा चेहरा सगळे दिवे एकदम लागावेत तसा उजळला होता.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "दोन वर्षांत या वर्गातलं माझ्या कानापर्यंत पोचलेलं हे पहिलं उत्तर."