काकांचा मंद प्रोग्राम

त्याने एंटर दाबताच सगळी स्क्रीन एका दमात भरली. वॉर्ड, खाट, रुग्णाचं नाव, नातेवाइकांचा फोन. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"आणि काकांचा?"

त्याने शेजारच्या मशीनवर काकांचा प्रोग्राम चालू केला. एकेक ओळ रमतगमत खाली उतरू लागली. तिसऱ्या ओळीला साहेब हसले. हेच हसू त्याला हवं होतं.

हॉस्पिटलच्या संगणक विभागात त्याला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं तो एकच वाक्य ऐकत होता. काकांना विचारा. मशीन अडलं, काका. प्रिंटर रुसला, काका. घरी आईसुद्धा विचारायची, "तुमचे ते काका बरे आहेत ना?" त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. काकांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती, पण जुन्या वळणाची. एकेक अक्षर आधी सिस्टिमकडे पाठवायचं, मग सिस्टिम ते सावकाश स्क्रीनवर मांडणार. त्याने सिस्टिमला विचारलंच नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते ज्या व्हिडिओ मेमरीतून येतं, तिचा पत्ता पॉइंटरमध्ये घातला आणि अक्षरं थेट तिथे लिहिली. महिनाभर त्याने काकांना याचा पत्ता लागू दिला नव्हता.

काका मागे उभे होते, चष्मा कपाळावर.

"छान झालंय," ते म्हणाले. "फक्त लावण्याआधी चौकशीच्या ताईंकडे एकदा चालवून बघू या."

दुखलं म्हाताऱ्याच्या पोटात, असं त्याला वाटलं. फार बरं वाटलं.

"आत्ताच बघू," साहेब म्हणाले. "चाललं तर सोमवारपासून हाच. आणि विभागही याच्याच हातात देऊ."

चौकशीच्या खोलीत ताई फोन घेत बसल्या होत्या. त्यांना दिसत नसे. मशीनला जोडलेलं एक खोकं, सिस्टिम स्क्रीनवर मांडेल ती ओळ त्यांच्या कानात वाचून दाखवी, आणि कुणाची आई कुठल्या वॉर्डात आहे ते ताई फोनवर सांगत. त्याने आपला प्रोग्राम लावून दिला. लगेच फोन वाजला. ताईंनी रुग्णाचं नाव टाइप केलं, एंटर दाबला. स्क्रीन क्षणात भरली. ताई हेडफोन कानावर दाबून थांबून राहिल्या.

"एक मिनिट हं, दादा," त्या फोनवर म्हणाल्या. मग मान वळवून विचारलं, "काका, बंद पडलं का हो?"

साहेबांनी भरलेल्या स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे. त्याची कानशिलं तापली. त्याने सिस्टिमला वगळलं होतं, त्यामुळे खोक्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. काकांनी वाकून जुना प्रोग्राम लावला. ओळी उतरू लागल्या, तशा ताई बोलू लागल्या.

तो जागेवर येऊन बसला. निदान काकांची एखादी चूक तरी सापडावी म्हणून त्याने त्यांच्या प्रोग्रामची फाइल उघडली. शेवटी वीसेक ओळी होत्या, चालू नसलेल्या, नुसत्या ठेवून दिलेल्या. व्हिडिओ मेमरीचा तोच पत्ता. तेच थेट लिहिणं, त्याच्यापेक्षा निम्म्या ओळींत. वर सात वर्षांपूर्वीची तारीख आणि काकांचा शेरा होता: 'फार जलद चालतं. ताईंना ऐकू येत नाही. बंद केलं.'