वाऱ्याची खबर

उत्तरेचा वारा सुटणार असला की खाडीत नांगरलेल्या जहाजाला, मग ते वैऱ्याचं का असेना, खबर द्यायची, ही बेटावरची रीत. म्हाताऱ्या अकीलने ते काम मुझनावर सोपवलं. तिच्या नवऱ्याला आता खाडीत जहाजं नांगरून बसलेल्या याच फिरंग्यांनी महिन्यापूर्वी बुडवून मारलं होतं. “खोटं सांगू, काका?” “रीत मोडायची नाही, पोरी. खरं तेच सांग.” रोज त्यांना पाहून थुंकणारी मुझना आज मासळी घेऊन, हसत त्यांच्या कप्तानाच्या जहाजावर चढली. “मालक, परवा वारा सुटेल, जहाजं खडकांवर आपटतील. बेटाच्या दक्षिणेला जा.” दुभाष्याने सांगताच कप्तान हसला. “काल थुंकत होती, आज एवढी गोड? दक्षिणेला हिची माणसं दबा धरून बसली असणार.” मुझनाने त्याचे पाय धरून पुन्हा विनवलं. कप्तानाने तिथेच आणखी एक नांगर टाकायला लावला. “सांगितलंस?” किनाऱ्यावर अकीलने विचारलं. “दोनदा, काका. पाया पडून.”