चौदा नंबरचं दार

"ज्या शहरात माणसाला वाट विचारावी लागते ते शहर नव्हे, जंगल!"

पाट्यांच्या समितीत बत्तीस वर्षं ऐकवलेलं हे वाक्य शिबागाकींनी आज स्वतःलाच ऐकवलं. करी-पावाचं तेच दुकान चौथ्यांदा समोर आलं होतं.

ओसाकातल्या या भुयारी स्थानकातली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. पिवळी पाटी म्हणजे बाहेर, आकडा म्हणजे दार. चौदा नंबरच्या दाराशी तीन वाजता त्यांची मुलगी मिनेको भेटणार होती. अकरा वर्षांनी. भांडण कशावरून झालं हे दोघांनाही नीट आठवत नव्हतं. आधी कोणी बोलायचं, एवढ्यावर अडलं होतं. शेवटी तिनंच दोन ओळी पाठवल्या. पावणेचारला तिची कानाझावाची गाडी होती.

आता तीन वाजून दहा.

दुरुस्तीसाठी जागोजागी पत्रे ठोकले होते. प्रत्येक पत्र्यावर कमरेत वाकून माफी मागणाऱ्या कामगाराचं चित्र. माफी ठळक अक्षरांत होती, वाट कुठेच नव्हती. नकाशा तर उचलून समोरच्या भिंतीवर टांगलेला. त्यात वरची बाजू म्हणजे वाचणाऱ्याच्या समोरची. म्हणजे आता सगळं शहरच उलटं. शिबागाकींनी मिटलेली छत्री उंच करून हा गुन्हा हवेतल्या समितीला दाखवला.

"गाढवांनो!"

"अहो छत्रीवाले, थांबलात का?"

ते वळले. चित्त्याच्या ठिपक्यांचा सदरा घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांच्यामागे दोघादोघांची ओळ, पार वळणापलीकडे गेलेली.

"तुम्ही कोण?"

"रांग," आजी म्हणाल्या.

सहलीचे वाटाडे छत्री उंच धरतात, हे शिबागाकींना उशिरा आठवलं.

"मी वाटाड्या नाही हो."

"चला! हरवलेला माणूस इतका ताठ चालतो होय? घ्या, गोळी घ्या. घसा सुकला असेल."

"अहो, पण मी..."

"चांगले माहीतगार दिसतात," मागून कुणीतरी म्हणालं.

शिबागाकींनी गोळी तोंडात टाकली आणि छत्री वर केली.

आता विचारण्याचीही सोय उरली नाही. स्थानकाचा गणवेशातला माणूस दिसला, तर त्यानंच वाकून त्यांना वाट करून दिली. एक जिना वर, तोच जिना खाली. ते थांबले की साठ पावलं थांबत. साडेतीन झाले. वर कुठेतरी ऊन होतं, दार होतं आणि दाराशी घड्याळ पाहणारी मुलगी. बापाला यायचंच नव्हतं, असं समजून ती गाडीत बसणार; आणि तिसरी ओळ काही ती पाठवणार नाही.

तीन पस्तीसला त्यांनी छत्री खाली घेतली. घसा खाकरला.

"मंडळी, खरं सांगायचं तर..."

"थांबा हो जरा," आजी म्हणाल्या, "मागून निरोप येतोय."

निरोप कानोकानी पुढे सरकत होता. आजींनी तो ऐकला, मान हलवली.

"अगदी शेवटी एक ताई आहेत. चौदा नंबरला त्यांचे वडील तीनपासून ताटकळलेत म्हणे. पाट्या सगळ्या त्यांनीच लावलेल्या, त्यामुळे वाट विचारायची लाज वाटते म्हणाल्या. पण नवे बूट फार चावताहेत. तेव्हा छत्रीवाल्यांनी जरा हळू चालावं."