नबीसाबचा कान

नबीसाबनी गुडघे टेकले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक फरशीवर ठेवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. ते बघून गुलनाजनं बाहेर काढलेली छिन्नी परत पिशवीत ठेवली. बापाच्या त्या कानाला गेली सहा वर्षं कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नव्हती. डावा जरा बरा. म्हणजे कुणी शेजारी बसून बोंबललं तर.

"शांत राहा सगळ्यांनी," शंकरप्पा सर म्हणाले. सगळे म्हणजे ती एकटीच होती. पण शाळेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी सरांचा वर्ग काही सुटला नव्हता.

नवी पेठेच्या मागच्या बोळातलं सरांचं दगडी घर नव्वदीला टेकलेलं. बैठकीत सरांच्या वडिलांनी हौसेनं घातलेली वेलबुट्टीची फरशी होती. तिच्या खालून नळाचा पाइप गेला होता, आणि तो कुठंतरी गळत होता. ओल भिंतीत गुडघ्याएवढी चढली होती. आधी एक जण मशीन घेऊन आला, तासभर ते पीं पीं वाजवलं आणि म्हणाला, सगळी फरशी उखडा. सरांनी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि नबीसाबला सांगावा धाडला. या घराचे नळ जन्मभर त्यांनीच सांभाळले होते.

"असली फरशी आता कुठं मिळत नाही," सरांनी आल्याआल्याच बजावलं होतं. "माळ्यावर जादा एकच आहे. तेव्हा एकच फोडायची. चुकलात तर राहू दे तो पाइप, मी रस्त्यावरनं बादल्या भरेन."

गुलनाज अडतीस वर्षांची, नबीसाबची एकुलती एक. दहा वर्षं झाली, बापाचं काम तीच करत होती. सुरुवातीला बाईच्या हातात पाना बघून लोक नाकं मुरडायचे. मग म्हणायला लागले, नबीसाबची पोरगी हाय, काम चोखच असणार. त्या नावावर तिचं घर चालत होतं. पण आज तिला पोटाची काळजी नव्हती. आपल्या अब्बाला कुणी हसलेलं तिला सोसलं नसतं, एवढंच. सकाळी तिनं त्यांना परोपरीनं सांगितलं होतं, तुमी नका येऊ, मी भाड्यानं मशीन आणते. त्यांना ते ऐकू आलं नाही. की ऐकू आलं आणि आलं नाही असं दाखवलं, देव जाणे. झोपेचं सोंग घेतलेला एक वेळ जागा होईल, पण बहिरेपणाचं सोंग घेतलेल्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

चार दिवसांनी नळ आले होते, आणखी अर्ध्या तासात जाणार होते. नबीसाब एकेका फरशीला कान देत, मान हलवत पुढं सरकत होते. डॉक्टरसुद्धा एवढा वेळ कुणाच्या छातीला नळी लावत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून चौथ्या फरशीवर ते थांबले आणि खिशातला खडू काढून त्यांनी गोल मारला.

"हितं."

गुलनाजनं त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं. "अब्बा, नक्की का? दुसरी फरशी न्हाय."

"फोड."

सरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. गुलनाजनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि छिन्नीवर हातोडा घातला. फरशी दुभंगली. खालची माती चिखल झालेली. चार बोटं उकरल्यावर पाइपाचा सांधा दिसला, आणि त्यातून दोऱ्याएवढी धार लागलेली.

"वा, नबीसाब," सर वळून खड्ड्यावर वाकले. "मशीन पाणी भरेल की हो तुमच्यापुढं." आणि ते रस्त्यावरचा कॉक बंद करायला आणि जाता जाता चार घरी ही बातमी सांगायला बाहेर पडले.

गुलनाजला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले, फडक्यानं सांधा पुसला आणि तिचा हात थांबला. शेजारच्या सांध्यावर पान्याच्या दातांचे ओरखडे गंजातूनही दिसत होते. या सांध्यावर एकही नव्हता. सुतळी गुंडाळलेली होती, पण पाना लागलाच नव्हता. कुणीतरी नुसता हातानं फिरवून सोडून दिला होता, आणि गंजानं धरला म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं.

"कुठल्या गाढवानं बसवलाय हा?" ती डाव्या कानात ओरडली.

नबीसाबनी आधी दाराकडं बघितलं. सर अजून बाहेरच होते.

"मीच," ते म्हणाले.

गुलनाजनं पुन्हा सांध्याकडं बघितलं. शेवटचा पीळ द्यायला विसरली म्हणून याच माणसानं तिला लहानपणी टपल्या मारल्या होत्या.

"सगळे सांधे झालेते, एवढाच राहिलता. हातानं फिरवला, पाना लावणार तेवढ्यात निरोप आला. पाना टाकला आन् पळालो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतोय तर गवंड्यानं फरशा बसवून टाकलेल्या. सरांच्या वडलांपुढं जीभच रेटली न्हाय. अडतीस वर्षं झाली, या फरशीवर पाय टाकताना लई भ्या वाटतंय बघ."

"म्हणजे मगाशी तुमाला काय ऐकूच आलं न्हाय?"

ते काही बोलायच्या आत सर धापा टाकत आत आले. त्यांच्या मागं बोळातली दोन-तीन माणसं होती. सर नबीसाबच्या डाव्या बाजूला बसले आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "यांना सांगा नबीसाब, त्या पाइपातनं तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?"

नबीसाब गुलनाजकडं बघत होते.

"पोरगी झाली," ते म्हणाले, "असं ऐकू आलं, सर."