तीन ठोके

समुद्रातल्या जुन्या दीपस्तंभाचा पाया किती थरथरतो, ते मोजायला रॉविना भरदुपारी विठोबाच्या होडीतून आली होती. होडी टेकताच विठोबाने रीतीप्रमाणे वल्ह्याने दगडावर तीन ठोके दिले. पायावर तिने आधीच बसवलेल्या कंपनयंत्रांनी ते टिपले; तिच्या लॅपटॉपवर तीन रेषा उसळल्या.

मग त्यांतल्या पाण्याखालच्या यंत्राकडून आणखी तीन आल्या.

“काका, परत ठोकलंत?”

“नाय गो.” वल्हं त्याच्या मांडीवर होतं. “ठोके मारून आमी ‘येव काय?’ म्हणान इचारतांव. पण आजवर कधी जबाब येवक नाय.”

होडी वळवून विठोबा जीव खाऊन वल्हवू लागला. दीपस्तंभ काडीएवढा झाला, तेव्हा कुठे त्याचे हात थांबले.

आणि रॉविनाच्या तळपायांखालच्या फळीवर, पाण्याच्या बाजूने, हळूच तीन ठोके पडले.