बुधवारचा गुडघा

“तारीख सांगा, नाना. तारखेशिवाय इतिहास होत नाही.”

घानाच्या किनाऱ्यावरच्या शामा गावच्या रेडिओ केंद्रावरची एफुआ रोज सकाळी सातच्या बातम्यांनंतर ‘आजच्या दिवशी’ हा कार्यक्रम सांगायची. आजच्या दिवशी लंडनमध्ये कुणी गिटार आपटून फोडली, आजच्या दिवशी अमेरिकेत कुणाची तबकडी दहा लाख खपली. शामाचे कोळी हे सगळं मक्याचे आंबवलेले गोळे, म्हणजे केंके, आणि तळलेल्या मासळीबरोबर चवीने ऐकत. लंडनच्या गिटारीची शामात सगळ्यांनाच काळजी होती.

एकोव बेन्सिलने मांडीवरचं फडकं सोडलं. आत त्याच्या बँडची एकुलती एक तबकडी होती. गिटार त्याची, ढोल शेजारी बसलेल्या क्वान्साचा, गळा अराबाचा. गाणं निघालं आणि दोन-तीन महिन्यांत शेजारच्या देशातल्या अबिजान शहरातल्या एका हॉटेलाने अराबाला गायला बोलावून घेतलं. ती गेली ती गेलीच. त्याला पन्नास वर्षं झाली. अबिजानला पोट भरायला गेलेली शामाची माणसं हल्ली मोबाइलवर हेच केंद्र ऐकतात, असं एकोवला परवा कळलं होतं. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. ते गाणं एकदा तिच्या कानावर पडावं, एवढंच त्याला हवं होतं. क्वान्साला मात्र त्याने इतिहासाचं कारण सांगून आणलं होतं.

“मंगळवार होता,” एकोव म्हणाला.

“मंगळवार दर आठवड्याला असतो, नाना.”

“पण मंगळवारच होता, पोरी. आम्ही सगळे होडीवरचे. मंगळवारी समुद्राची सुट्टी. होडी घातली तर मेंढरू दंड. मग गाणार कधी?”

“आंब्याचे दिवस होते,” क्वान्साने पुरावा जोडला. “मी स्टुडिओच्या दारात साल टाकलं आणि आमचा ट्रम्पेटवाला त्यावरून थेट आत पोहोचला.”

“क्वान्सा नाना, आंब्याला तारीख नसते.”

एफुआने वही मिटायला घेतली. एकोवने फडक्याची गाठ पुन्हा मारली, पुन्हा सोडली.

“चौदा ऑगस्ट,” तो एकदम म्हणाला. “एकोणीसशे चौऱ्याहत्तर.”

क्वान्सा त्याच्याकडे बघतच राहिला. जन्मतारीख विचारली तर हा माणूस ‘गुरुवार’ एवढंच सांगायचा. नातवाच्या बारशाला तो दुसऱ्या दिवशी नटूनथटून पोहोचला होता.

“ऑगस्टात कुठले रे आंबे?”

“उशिराचे असतील.”

“पुढच्या आठवड्यात चौदा ऑगस्टच आहे,” एफुआ खूश झाली. “बुधवार येतोय. सकाळी याल ना?”

“बुधवारी तो मोकळाच असतो,” क्वान्सा म्हणाला. “मंगळवारी अख्खा किनारा बसतो, हा बुधवारीही बसतो. गुडघा दुखतो त्याचा. पंचविशीपासून दुखतो, आणि फक्त बुधवारी. जाळं शिवायला घेऊन लॉरीतळावर, परगावच्या गाड्या सुटतात तिथे, जाऊन बसतो दिवसभर.”

“तिथला कट्टा उंच आहे,” एकोव गंभीरपणे म्हणाला. “गुडघ्याला बरा.”

किनाऱ्यावर त्याला ‘दोन मंगळवारांचा एकोव’ म्हणत. त्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

बुधवारी दोघे इस्त्रीचे सदरे घालून एफुआसमोर बसले. लंडनला त्या दिवशी पहिल्यांदाच सुट्टी मिळाली. “आजच्या दिवशी, पन्नास वर्षांपूर्वी,” एफुआने सांगितलं, “आपल्या शामाच्या कोळ्यांनी हे गाणं तबकडीवर उतरवलं. गिटारवाले आणि ढोलवाले आज इथे बसले आहेत.”

तबकडी आधी बरीच खरखरली. मग गिटार आली, ढोल आला, आणि अराबाने पहिली ओळ उचलली. एकोवचे केस पांढरे झाले होते, क्वान्साचे उरलेच नव्हते. अराबाचा आवाज अजून बावीस वर्षांचाच होता.

गाणं संपलं आणि फोन वाजला.

“अबिजानहून आहे,” एफुआ म्हणाली. “बोला आजी, सगळं शामा ऐकतंय.”

“ऐकू दे.” आवाज जाडा झाला होता. तरी एकोव खुर्चीतून उठून उभा राहिला. “मी अराबा. पोरी, आधी ती तारीख खोड. आम्ही गायलो तो मंगळवार होता. आंबे होते. चौदा ऑगस्टला बुधवार होता.”

“तुम्हाला इतकं पक्कं आठवतं, आजी?”

“न आठवायला काय झालं? त्या दिवशी मी इकडे यायला लॉरीत बसले. कुणी थांबवतंय का म्हणून आधीच्या तीन लॉऱ्या सोडून दिल्या. पण तारली आलेली, बुधवार उजाडलेला, सगळे पुरुष समुद्रावर. तळावर चिटपाखरू नव्हतं. त्या गिटारवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं मी. म्हणाला, मासळी उतरवून येतो, मग बोलू.”

एकोवने रिकाम्या फडक्याला गाठ मारली, पुन्हा सोडली.

“मला एवढंच सांग, पोरी,” अराबा म्हणाली, “ही तारीख तुला दिली कुणी?”

एफुआने एकोवकडे पाहिलं. क्वान्साने एकोवच्या गुडघ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याने माइक आपल्याकडे ओढला.

“अराबा, मी क्वान्सा. ह्यानेच दिली. त्या दिवसापासून हा एकाही बुधवारी होडीवर गेलेला नाही. लॉरीतळावर बसतो. आणि मी गाढव, पन्नास वर्षं ह्याच्या गुडघ्यासाठी तेल आणतोय.”